वाटाड्याचा नकार

जुलै उजाडला की आमच्या भागातल्या महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर एक कागद हमखास लागतो. 'वर्षासहल' असे ठळक शीर्षक, खाली दिवस, बस सुटण्याची वेळ, वर्गणी, न्याहारी, दोन किंवा तीन धबधब्यांची नावे, परतीची वेळ आणि सर्वांत शेवटी एक सूचना: 'विद्यार्थ्यांनी पाण्यात उतरू नये. उतरल्यास होणाऱ्या परिणामांस महाविद्यालय जबाबदार राहणार नाही.' आम्ही दोघे हातकणंगले परिसरात मराठी शिकवतो. असे कागद आम्ही गेली पंधरा-सोळा वर्षे स्वतः लिहिले आहेत आणि अतिशय निर्धास्तपणे त्यांवर सह्याही केल्या आहेत. आता ते आमच्याने लिहवत नाहीत. ते का, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

संहितेचे बारकाईने वाचन करा, असे आपण विद्यार्थ्यांना रोज सांगतो. तसे वाचन आपल्याच या कागदाचे केले तर काय दिसते? पहिल्या वाक्यात मनाई आहे. दुसऱ्या वाक्यात ती मनाई पाळली जाणार नाही, याची लेखकाला असलेली पक्की खात्री आहे. धबधब्यावर न्यायचे, टॉवेल आणि कपड्यांचा जादा जोड आणायला सांगायचे आणि पाण्यात उतरू नये असेही लिहायचे. ही भाषा विद्यार्थ्याशी बोलतच नाही. ती उद्या होणाऱ्या संभाव्य चौकशीशी आजच बोलून ठेवते. पालकांकडून घेतलेल्या हमीपत्राचेही तेच. त्यावरची सही संस्थेला तारते. मुलाला तारण्यासाठी तिचा उपयोग शून्य. साहित्याच्या अध्यापकाला निदान एवढे तरी कळायला हवे होते की, या कागदात कर्ताच नाही. कोण पाहणार, कोण ठरवणार, कोणी 'थांबा' म्हटल्यावर सर्वांनी थांबायचे, याबद्दल त्यात अवाक्षर नसते.

एका वर्षीच्या आमच्या कागदावर 'सोबत स्थानिक वाटाड्या' अशी ओळ होती. त्या ओळीचे आम्हांला कौतुकही वाटत होते. बेचाळीस विद्यार्थी, आम्ही दोघे आणि आजऱ्याच्या पुढे घाटमाथ्यावरच्या एका गावातले साठी ओलांडलेले गृहस्थ. आम्ही त्यांना मामा म्हणत होतो. ओढ्याकाठी पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. पाऊस थांबलेला, पाणी गुडघाभर, धबधब्याची धार सुंदर. मुले मधल्या खडकावर जाऊन बसली. अर्धा तासही झाला नसेल, मामा आमच्याजवळ आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरास्नी भाईर काढा. वर सड्यावर पाऊस लागलाय."

आम्ही वर पाहिले. आमच्या डोक्यावर ऊन होते. चार तासांचा प्रवास करून आलेली मुले, अजून सगळ्यांचे फोटोही झालेले नव्हते. आम्ही म्हणालो, "मामा, दहाच मिनिटं." ते पुन्हा म्हणाले. आम्ही पुन्हा तेच उत्तर दिले, आणि या वेळी आमच्या आवाजात वर्गात येणारा सूर होता. तो सूर आजही आमच्या कानांत आहे. मामांनी मग आम्हांला विचारणे सोडून दिले. ते थेट पाण्यात शिरले आणि मुलांना दंडाला धरून काठावर आणू लागले. शेवटचा मुलगा काठावर आला त्यानंतर काही मिनिटांतच पाण्याचा रंग बदलला. आधी पालापाचोळा आला, मग तांबडे पाणी, मग मुले बसली होती तो खडक दिसेनासा झाला. काठावर काढून ठेवलेल्या चपलांचा ढीग आमच्या डोळ्यांदेखत वाहून गेला. बेचाळीस मुले अनवाणी बसमध्ये बसली आणि गाणी म्हणत घरी आली. त्यांच्या लेखी ती मोठी गंमत होती. आम्ही दोघे मात्र परतीच्या वाटेत एकमेकांशी बोललो नाही.

आम्हांला मामांचे म्हणणे का ऐकू आले नाही? अहंकार हे एक उत्तर झालेच. पण दुसरेही एक उत्तर आहे आणि ते आमच्या भूगोलात आहे. हातकणंगले तालुका उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा यांच्यामधला. ऊस, विहिरी, पाटाचे पाणी. आमचा पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरच्या आतला. त्याच जिल्ह्याच्या पश्चिमेला गगनबावड्यात तो पाच हजारांच्या वर जातो, आणि सिंधुदुर्गातल्या आंबोलीत त्याहूनही पुढे. पट्टणकोडोली हे शंकर पाटलांचे गाव आमच्याच तालुक्यात. त्यांच्या पहिल्या कथासंग्रहाचे नाव 'वळीव' असावे, हे आम्हांला अगदी स्वाभाविक वाटते. आमच्या मुलखाला पाऊस ओळखीचा आहे तो ढग भरून येताना दिसणारा, डोक्यावरच कोसळणारा. जिथे ढग, तिथे पाऊस.

पूरही आम्ही जाणतो. २००५, २०१९ आणि २०२१ हे आकडे आमच्याकडे घराघरांतल्या भिंतींवर लिहिलेले आहेत. पण आमचा पूर कसा येतो? राजाराम बंधाऱ्यावरची पाणीपातळी तासातासाने कळते. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी इंचाइंचाने चढते, जनावरे सोडायला, धान्य माळ्यावर टाकायला दिवस मिळतात, रात्री मिळतात. सपाटीवरचे पाणी सूचना देऊन येते आणि त्या सूचनेला आकडा असतो. डोंगरातल्या ओढ्याला राजाराम बंधारा नसतो. वरचा सडा म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. पावसाळ्यात तो आधीच पाणी पिऊन तृप्त असतो. त्यावर जोराची सर आली की पाणी मुरत नाही, घसरते, आणि दोन-चार किलोमीटर खाली उन्हात बसलेल्या माणसांपर्यंत काही मिनिटांत पोहोचते. तिथला इशारा एवढाच: पाण्याचा बदललेला आवाज, आलेली पाने-काटक्या, गढुळलेला रंग. हा इशारा वाचता येणारा माणूस म्हणजे वाटाड्या. आम्ही डोंगरातले पाणी सपाटीच्या व्याकरणाने वाचत होतो, आणि ज्याला ते व्याकरण येत होते त्याला आम्ही दहा मिनिटे मागत होतो.

३० जून २०२४ या दिवशी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या प्रवाहात मधल्या खडकावर उभे असलेले एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याचे चित्रीकरण सर्वांनी पाहिले. एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली माणसे आणि काठावर हतबल गर्दी. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चार जण दगावले. दोन्ही दिवस रविवार होते. अशा घटनांनंतर जिल्हा प्रशासन मनाईचे आदेश काढते, पूर्वी १४४ कलमाखाली, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ कलमाखाली. ते आदेश पाळलेच पाहिजेत, याबद्दल आमच्या मनात किंतु नाही. मात्र मनाई हा शहाणपणाचा पर्याय नव्हे. मनाईचा फलक पावसाळाभर तसाच उभा असतो, पाणी मात्र तासातासाला बदलते. आणि फलकाच्या धाकाने सहलच रद्द केली, तर मुले जायची थांबत नाहीत. ती तीन-तीन जण एका दुचाकीवर बसून, कोणालाही न सांगता, वाटाड्याशिवाय जातात.

आता आपल्या विषयाकडे येऊ. त्या सहलीनंतरच्या आठवड्यात आमच्यापैकी एकाने वर्गात ललित गद्य शिकवताना श्रीनिवास विनायक कुलकर्णी यांच्या 'डोह' (१९६५) या संग्रहाचा संदर्भ दिला. डोह हे अंतर्मनाचे, गूढतेचे, बालपणाच्या अथांगतेचे प्रतीक, असे नेहमीचे विवेचन चालू होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, पण डोह म्हणजे नेमका किती खोल?" वर्ग हसला. सरही हसले. तो प्रश्न त्या तासातला सर्वांत चांगला प्रश्न होता, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

आपल्या समीक्षेने पाण्याच्या प्रत्येक शब्दाचे प्रतीक करून टाकले आहे. डोह म्हणजे अबोध मन, विहीर म्हणजे गर्भाशय किंवा मृत्यू, प्रवाह म्हणजे काळ. हे अर्थ खोटे नाहीत. पण प्रतीकाला बळ येते ते वस्तूच्या अनुभवातून. औदुंबरच्या कृष्णाकाठी वाढलेल्या लेखकाला डोह आधी ठाऊक होता तो पायाला तळ न लागणारी जागा म्हणून. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या त्या डोहात, उतारात नव्हे. उतारात टाकलेली वही पुढच्या वळणावर काठाला लागली असती. कालियाचे वास्तव्य डोहातच असते. उतार, डोह, कोंड, भोवरा, ओढ, लोंढा, धार, सडा, शेवाळ, पाणवठा: हे शब्द बनवणाऱ्यांनी ते कवितेसाठी बनवले नव्हते. इथून ओलांडा, इथे थांबा, इथे गुरे उतरवा, इथे पोराला सोडू नका, एवढे सगळे एकेका शब्दात भरून ठेवले होते. हा शब्दसंग्रह म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांनी लिहिलेली सूचनापाटी आहे. विद्यार्थ्याला शब्द उरला आणि त्यातली सूचना गेली, तर त्याला आपण भाषा शिकवली असे म्हणता येईल काय?

लोकसाहित्याच्या तासालाही आम्ही हेच केले. साती आसरा शिकवताना दैवतकथा सांगितली, विधी सांगितले, श्रद्धेची चिकित्सा केली. डोहाकाठी, विहिरीच्या थारोळ्याशी शेंदूर लावलेले सात दगड आणि 'आसरा ओढून नेतात' ही समजूत. वर्गातली हुशार मुले तिला अंधश्रद्धा म्हणतात, आणि कार्यकारणाच्या दृष्टीने ती तशी आहेही. पण भोवऱ्याचे शास्त्र ठाऊक नसलेल्या माणसाने आपल्या लेकराला तिथून दूर ठेवण्यासाठी याहून प्रभावी कोणती भाषा वापरली असती? आसरांवरचा विश्वास गेला ते ठीक झाले. त्या जागी भोवऱ्याचे ज्ञान यायला हवे होते, आणि ते आलेच नाही. धबधब्याच्या पायथ्याशी फेसाळलेल्या पाण्यात हवा मिसळलेली असते, त्यामुळे ते शरीराला नेहमीसारखे तोलून धरत नाही. वरून पडणारी धार माणसाला खाली दाबते आणि तळाचा प्रवाह त्याला पुन्हा धारेकडेच ओढतो. विहिरीत पट्टीचा पोहणारा मुलगा तिथे का बुडतो, याचे उत्तर यात आहे. आसरा मुलाला ओढतात असे म्हणणारी आजी घटनेचे वर्णन चुकत नव्हती, कारण चुकत होती.

पोहण्याविषयीही एक गोष्ट बोलली पाहिजे. आमच्या लहानपणी हातकणंगल्याच्या शिवारात पोहायला शिकवणे हा सुटीतला ठरलेला कार्यक्रम होता. पाठीला डबा बांधायचा, काकाने किंवा मोठ्या भावाने विहिरीत ढकलायचे, चार दिवसांनी डबा सोडायचा, मग सूर आणि मुटके. कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहून आपल्या जिल्ह्याची मान उंचावली, तेव्हा विहिरीवरची पोहणी ओसरू लागली होती. बोअर आल्या, कित्येक विहिरी बुजल्या, उरलेल्यांवर जाळ्या आल्या. मुलींच्या वाट्याला तर ते पोहणे पूर्वीही फारसे आले नव्हते. आमच्या वर्गात पोहता येते का असे विचारले, तर वर होणारे हात बोटांवर मोजता येतात आणि त्यांत मुलींचे हात क्वचितच असतात. पाण्याशी कसलीही ओळख नसलेली ही पिढी आपण वर्षातून एकदा, नेमकी पाणी सर्वांत बेभरवशाचे असताना, धबधब्याखाली नेऊन उभी करतो.

तेव्हा आमचे म्हणणे असे. सहल रद्द करू नये. तिची आखणी बदलावी, आणि त्या आखणीच्या मध्यभागी वाटाड्याचा नकार असावा.

पहिली गोष्ट, एका सहलीच्या दोन सहली कराव्यात. पावसाळ्यातली सहल पाहण्याची, कार्तिकातली पाण्यात उतरण्याची. जुलैमध्ये राधानगरीला जावे. राऊतवाडीचा धबधबा दुरून, भिजत, मनसोक्त पाहावा. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतलेले धरण पाहावे. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की कोणाच्याही हुकमाशिवाय उघडतात. ते पाणी भोगावतीतून प्रयाग चिखलीला पंचगंगेत येते आणि तिथून आपल्या शिवाराकडे. आपल्याकडे फुटाइंचांत मोजले जाणारे पाणी वर कोणत्या वेगाने निघते, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की वेगळा उपदेश करावा लागत नाही.

दुसरी सहल दिवाळीनंतर, आजरा आणि आंबोलीच्या बाजूला. पाणी निवळलेले, तळ दिसणारा, सडा कोरडा. सकाळी आजऱ्याजवळचे रामतीर्थ, नंतर आंबोलीत हिरण्यकेशीचा उगम. त्या उगमाच्या कुंडात मात्र कोणी उतरायचे नाही. 'शिस्टुरा हिरण्यकेशी' हा मासा याच पाण्यातून २०२० मध्ये शास्त्राला नव्याने ज्ञात झाला आणि २०२१ मध्ये शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. प्रत्येक कुंड आपल्या डुंबण्यासाठी नसते, हाही सहलीतला एक धडाच. पोहण्यासाठी एकच जागा, तीही वाटाड्याने निवडलेली आणि आम्ही शिक्षकांनी आधी एकदा स्वतः उतरून पाहिलेली. एका दिवसात तीन धबधबे हा हव्यास सोडावा. जाऊन-येऊन आठ तास बसमध्ये जाणार असतील, तर उरलेला वेळ एकाच पाण्याला द्यावा. एका वेळी दहा-बाराच मुले पाण्यात, हवा भरलेल्या ट्यूब आणि जाड दोर काठावर, आणि कोणी अडचणीत आला तर मागून उडी टाकायची नाही, दोर फेकायचा, हे बसमध्येच दोनदा सांगितलेले.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कागदावरची ती शेवटची सूचना काढून टाकावी आणि तिच्या जागी लिहावे: 'वाटाड्याने थांबा म्हटल्यावर सर्वांनी, शिक्षकांसह, त्याच क्षणी थांबायचे. त्याला कारण विचारायचे ते काठावर आल्यावर.' आणि या वाक्याला आर्थिक आधारही द्यावा. वाटाड्याचे मानधन सहल झाली तरच मिळणार असेल, तर त्याच्या नकाराची किंमत तोच मोजत असतो. 'नको' म्हणणे त्याला परवडले पाहिजे. म्हणून पूर्ण मानधन आगाऊ, बस वाटेतून माघारी फिरवावी लागली तरीही. तसेच दुसरा बेत आधीच तयार हवा, म्हणजे परतणे हा विरस ठरणार नाही. या वाटेवर मराठीच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या बेताची वाण नाही. कागल हे आनंद यादवांचे गाव, आजरा ही शिवाजी सावंतांची जन्मभूमी. पाण्याने नको म्हटले, तर 'झोंबी' किंवा 'मृत्युंजय' घेऊन त्या गावांत अर्धा दिवस सहज जातो.

यावर आमच्या सहकाऱ्यांनी दोन आक्षेप घेतले. पहिला असा की, पोहणे आणि दोर हे क्रीडाविभागाचे काम, मराठी विभागाचे नव्हे. आम्ही म्हणतो, दोर क्रीडाविभागाकडून आणू, पण पाण्याचे शब्द कोणाकडून आणायचे? नव्या शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रमात क्षेत्रकार्याला जागा दिली आहे. दोन्ही सहलींत विद्यार्थ्यांनी वाटाड्याबरोबर चालत ओढ्याच्या प्रत्येक वळणाचे, खडकाचे, डोहाचे तिथले नाव आणि त्या नावामागचे कारण टिपून घ्यावे. याहून चांगला बोलीचा अभ्यास आम्हांला सुचत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. वाटाडा चुकला तर? चुकू शकतो. तो उगाच भिऊन चांगला दिवस वाया घालवू शकतो. ती चूक आम्हांला मान्य आहे. वाया गेलेला दिवस पुढच्या वर्षी भरून काढता येतो. आमची दहा मिनिटांची चूक मात्र कोणत्याही वर्षी भरून निघाली नसती.

अलीकडे आम्ही पुन्हा त्या ओढ्यावर गेलो, विद्यार्थ्यांना न घेता. मामा आता फारसे बाहेर पडत नाहीत. आम्ही घरी जाऊन भेटलो, त्या दिवसाची आठवण काढली आणि आमचे चुकले असे सांगितले. त्यांना चपलांचीच आठवण अधिक होती. "लई पोरं अनवाणी गेली बघा गुरुजी," असे ते दोनदा म्हणाले. निघताना आम्ही विचारले, त्या खडकाशेजारच्या डोहाची खोली किती असेल? म्हातारा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "कवाची इचारताय? आत्ताची का पावसातली?"

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला असे मिळाले. ती आता एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. तिला आम्ही ते कळवले आहे.